बाबांचा काळा पडदा

फुलसावंगी, २ ऑगस्ट २०१२

चि. राजदीप यास,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर बोललं तर बाबा ऐकतात, म्हणून पत्र लिहून राह्यली. परवा तू बाबांले दिलेल्या संगणकानं आपल्या मनानंच अपडेट घेतलं अन् काळ्या पडद्यावरची मोठी पांढरी अक्षरं गेली. आता त्या झगमगाटात बाबांच्या अधू डोळ्यांले काहीच दिसत नाही. जुनं परत आणायची सोयच नव्यात ठेवली नाही म्हणे. पुसदच्या दुकानदारानंही हात टेकले.

छप्पनच्या साली गावातून दीक्षेले गेलेल्यांच्या आठवणी बाबा लिहीत होते. धुरपताबाईपर्यंत आले होते. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी टाइप करते. तर म्हणाले, तू माह्यं वाक्य सुधारतं. खोटं नाही ते. दोन दिवस झाले, मशीनवर टॉवेल टाकून बसले आहेत. दुबार पेरलेली कपाशी पाहायलेही वावरात गेले नाहीत.

वेळेवर जेवत जा. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नको.
तुझी ताई, सत्यशीला

पुणे, ७ ऑगस्ट

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

अपडेट आपल्या मनानं आलं नाही, ताई. मे महिन्यात मी बाबांना विचारलं होतं. ते म्हणाले, जसं हाय तसं राहू दे. मी हो म्हटलं, आणि ते आंघोळीला गेल्यावर सगळं आपोआप होईल असं करून ठेवलं. त्यांच्या भल्याचंच वाटलं. आमच्या ऑफिसातही आम्ही लोकांना अपडेट असंच पाठवतो, कोणाला विचारत नाही.

शनिवारी येतो. बाबांना मीच सांगेन. तू रागावलीस तरी भाकरी कर.
तुझा, राजदीप

फुलसावंगी, १९ ऑगस्ट

चि. राजदीप यास,
बाबांचे आशीर्वाद व जयभीम.

हे मी स्वतः टाइप केलं आहे. जुनं बसवून गेलास, तेव्हापासून रोज लिहितो. धुरपताबाईंचं झालं, आता फुलचंद घेतला. काल पडद्यावर अपडेट घेता का म्हणून विचारणा आली. मी नाही म्हटलं. त्यानं ऐकलं.

तू कबूल केलंस त्या दिवशी मी उठून वावरात गेलो. त्याचं कारण राग नव्हतं. मुकुटबनच्या पाहुण्यांना मी तुला न विचारता कळवून ठेवलं होतं, की पुढच्या महिन्यात मुलगी पाहायला येतो. काल त्यांना दुसरं पत्र टाकलं, की मुलाला विचारायचं राहिलं, तोवर थांबा.

मुलीचं नाव मोनाली. नर्स आहे. भेटायचं की नाही, ते तू कळव. नाही म्हणालास तरी घर तुझंच आहे.
तुझे बाबा, मारोतराव