मशीनच तपासलं पाहिजे

४ फेब्रुवारी, मंगळवार
संतापजनक दिवस. साध्या खोकल्यासाठी दवाखान्यात गेलो. जुने डॉक्टर वारल्यापासून त्यांची मुलगी बसते. खोकला राहिला बाजूला, तिने आधी दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे अठ्ठ्याहत्तर बाय एकशे चार. पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा मोजलं. जवळजवळ तेच. म्हणाली, "काका, हे कधीपासून आहे?" म्हटलं, पट्टा आत्ता तू बांधलास, मला काय विचारतेस? या वयात वर्षातून एकदा तरी मोजायला हवं, म्हणे. तिच्या वडिलांनी इतकी वर्षं नुसती जीभ बघून औषध दिलं, कधी पट्ट्याला हात लावला नाही. तसं सुनावलं. ती म्हणाली, "बाबांनी स्वतःचंही कधी मोजलं नाही." वाद असा घालतात?
मीठ कमी करा, रोज चाला, पुढच्या आठवड्यात या.

५ फेब्रुवारी
मी वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक. माझ्या शिक्क्याशिवाय बाजारातला एक काटा हलत नाही. आणि माझ्यावर निकाल देणारं मशीन कुणी तपासलंय? त्यावर शिक्काच नव्हता! नीट पाहिलं मी.
तरी संकल्प: मीठ बंद. पहाटे चालणं. चिडणं बंद. मशीन चुकीचं आहेच. पण ते सिद्ध होताना आकडा कमी असलेला बरा.

६ फेब्रुवारी
सकाळी ६ : चालायला निघालो. कोपऱ्यावर मेहुणा. हा दोन वर्षांपासून प्रेशरची गोळी घेतो आणि पदक मिळाल्यासारखा सांगत फिरतो. भर रस्त्यात ओरडला, "दाजी, गोळी सुरू केली का?" तळपायाची आग मस्तकात. तिथूनच मागे फिरलो. त्या रस्त्याला मेहुणा आहे, चालणं शक्य नाही.
रात्री : बिनमिठाचं जेवण. बायकोही तेच जेवली, निमूटपणे. तिचं ते निमूटपण डोक्यात गेलं. खारे शेंगदाणे खाल्ले, पाकीटभर. त्यात प्रोटीन असतं.

११ फेब्रुवारी
दवाखान्यात ऑफिसची प्रमाणित वजनं घेऊनच गेलो. आधी तिचा वजनकाटा. बाकावरचे पेशंट माना उंचावून बघत होते. वीस किलो ठेवले, वीस दाखवले. चाळीस ठेवले, चाळीस. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, काटा अचूक आहे. मग ती म्हणाली, "आता तुम्ही उभे राहा." ब्याण्णव. बोलायची सोयच ठेवली नव्हती मी.
प्रेशर पुन्हा तेवढंच. मशीन उचललं. ऑफिसात तपासणीला नेतोय म्हटलं. "न्या काका, माझ्याकडे दुसरं आहे. पण गोळी आजपासून घ्या." चिठ्ठी घेतली. निषेध म्हणून चार घड्या घालून खिशात कोंबली.

१३ फेब्रुवारी
लॅबमध्ये मशीन पाऱ्याच्या नळीला जोडलं. शंभरला शंभर. दीडशेला दीडशे. दोनशेला दोनशे. नळी बदलली. तेच. टेक्निशियन दात काढत म्हणाला, "साहेब, मशीन एकदम पास." म्हटलं, मला डोळे आहेत.
'नापास' लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? पेन हातात होतं. पण आजवर काटा मारणाऱ्याला सोडलं नाही आणि सरळ माणसाला अडवलं नाही. मारला शिक्का. इतक्या जोरात, की टेक्निशियनचा चहा सांडला.
अर्थात, यातून सिद्ध काय झालं? मशीन खरं आहे, एवढंच. आकडा माझ्या रागाचा आहे आणि राग रास्त आहे. लोकांनी सुधारावं. मी कशाला गोळी खाऊ?

२० फेब्रुवारी
बाजारात तपासणी. धान्यवाल्याने पारड्याखाली चुंबक चिकटवलेलं. असा काही झापला त्याला की गर्दी जमली. दाखवायला म्हणून पाच किलोचं वजन उचललं, ते हातातून सुटलं. पुन्हा उचलायला गेलो तर बोटंच मिटेनात. उजवा हात जणू दुसऱ्याचा. 'पंचनामा' म्हणायचं होतं, तोंडातून काहीतरी भलतंच निघालं. लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. ज्याला झापत होतो त्यानेच मला धरून स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, माझ्याच फोनवरून बायकोला बोलावलं.
ती येईपर्यंत हात ठीक झाला. तिला सांगितलं, वजन तेलकट होतं. ती गाडीवाल्याला फक्त एक शब्द म्हणाली, "हॉस्पिटल."

२२ फेब्रुवारी, हॉस्पिटल
स्कॅन ठीक आलं. मी म्हणतच होतो. संध्याकाळी जुन्या डॉक्टरांची मुलगी बघायला आली. म्हणाली, मेंदूकडे जाणारं रक्त थोडा वेळ अडलं होतं. "काका, तुम्ही दुकान बंद करायच्या आधी नोटीस देता ना? ही नोटीस होती." मी विचारलं, आणि पुढच्या वेळी? म्हणाली, "पुढच्या वेळी सील." पहिल्यांदाच ही मुलगी समजेल असं काही बोलली.
बायको खिडकीकडे तोंड करून उभी होती. खांदे हलत होते. तिला म्हटलं, रडण्यासारखं काय झालंय? ते जरा जोरात म्हटलं गेलं. नर्स धावत आली.
गोळ्या सुरू केल्या. घाबरून नव्हे. मशीनवर माझा शिक्का आहे, त्याचा मान राखायला. तीन प्रकारच्या दिल्यात. मेहुण्याला एकच आहे.

१५ एप्रिल
एकशे सव्वीस बाय ऐंशी! तेच मशीन, म्हणजे वादच नाही. आत जाण्याआधी नंबर मोडून घुसणाऱ्या एका गृहस्थाला खडसावलं होतं, कंपाउंडरला झापलं होतं, बाकावर पाय पसरून बसलेल्या बाईंशीही जुंपली होती. तरी एकशे सव्वीस.
डॉक्टरीण खूश. बायको सोबत होती. तिने हळूच म्हटलं, "पण हे चिडतात ते तसंच आहे." डॉक्टरीण हसली. म्हणाली, "काकू, प्रेशर वेगळं, राग वेगळा. त्याची गोळी माझ्याकडे नाही."
घरी आल्यावर विचारलं, एवढी चांगली बातमी, तोंड पाडून का बसलीस?
"काही नाही. रोज गोळ्या काढून देताना वाटायचं, ह्यांनी तुमचा रागही जाईल."
चहा करायला उठलो. चहाचा डबा कुठे असतो ते तिलाच विचारावं लागलं.
हळू आवाजात विचारलं.