सालींची चटणी

७ नोव्हें. ५६, बुध.
दिनूला भोपाळच्या गाडीत बसवून आलो. त्याचं ऑफिस नागपूरहून तिकडे हललं. जागा मिळेपर्यंत सूनबाई इथे राजपुऱ्यात, माझ्याकडे. पाचवा महिना लागलाय. आमची ही जाऊन दीड महिना झाला. घरात पुन्हा बांगड्या वाजतात. बरं वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही.

१० नोव्हें.
शाळेत नवा नकाशा टांगला. नागपूर आता मुंबई राज्यात, आपल्या मध्य प्रदेशात नाही. पोरं म्हणाली, "गुरुजी, मग आपण कुठे?" म्हटलं, आहोत तिथेच. जेवायला दोडक्याची भाजी. ठीक.

१३ नोव्हें.
पाचवीला नेहमीचा धडा दिला: अन्न टाकू नका, आमच्या घरी भाजीची साल, देठ, बी, काही वाया जात नाही. दरवर्षी सांगतो. संध्याकाळी शेजारच्या गोदाकाकूंनाही कौतुकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "मास्तर, ते सालं तुमी कधी खाल्ले का?"
आठवून पाहिलं. नाही.
"भाजी तुमाले अन् दिनूले. सालं दिनूच्या मायले. आता हे पोरगी बी तेच खाते, मालूम हाय का?"

१४ नोव्हें.
ही काही उपाशी राहत नव्हती, असं सकाळपासून स्वतःला सांगतोय. पण आमचं जेवण झाल्यावर आत ती काय खाते, हे तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. लाज वाटली. रडू मात्र आलं नाही. ती गेली तेव्हाही...

१६ नोव्हें.
सूनबाई माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, बोलत नाही. सासऱ्याने सुनेला काय खाल्लंस म्हणून विचारायची आपल्यात रीत नाही. म्हणून युक्ती केली. पोट भरलं म्हणून दुसऱ्यांदा भाजी घेतली नाही, पातेल्यात अर्धी राहू दिली. खाईल ती.

१७ नोव्हें.
आज भाजी निम्मीच शिजली. सगळी माझ्या ताटात. गोदाकाकू: "तिले वाटलं तुमाले तिच्या हातचं आवडत नाही. रडून राह्यली होती पोरगी." अतिशहाणपणा केला, अंगाशी आला.

१९ नोव्हें.
डझनभर कच्ची केळी आणली. भाजी भरपूर होईल, उरेल, असा हिशेब. मोठा ढीग वाढला मला. दुसऱ्यांदा आग्रह झाला, तोही भाजीचा डाव पुढे करून, न बोलता. नाही म्हणायची सोय नव्हती, परवाचं रडणं आठवत होतं. सगळी खाल्ली. पोट दुखलं.

२१ नोव्हें.
पुन्हा कच्ची केळी आणली आणि शेवटी भिंतीकडे बघून सरळ बोललो. "सूनबाई, केळ्याच्या सालींची चटणी कर आणि ती मलाही वाढ." वाढली. तीळ, लसूण, हिरवी मिरची, वरून लिंबू. चांगली होती. फारच चांगली. ही पण अशीच करत असेल. मागून घेतली दोनदा. सुनेला आनंद झाला असावा, डाव लगबगीने फिरत होता.

२२ नोव्हें.
गोदाकाकू: "मास्तर, सालं बी तुमीच खाऊन टाकले! पोरीनं काल कोरडी भाकर खाल्ली पाण्यासंग."
शाळेत गेलो. पाचवीचा तास दुसऱ्याला दिला.

२५ नोव्हें., रवि.
आज दुपारी मीच स्वयंपाकघरात गेलो. सूनबाई दचकून दाराआड झाली. दोन पाट मांडले. दुसरा हिचा. तो कधी माझ्या शेजारी मांडलेला आठवत नाही. दोन ताटं वाढली. भाजी निम्मी निम्मी, चटणी निम्मी निम्मी. थोडी सांडली. पाटावर बसलो आणि म्हणालो, "तू बसल्याशिवाय मी घास उचलणार नाही."
दाराआडून, "बाबा, असं कसं..." आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. किती लहान आहे.
वेळ जावा म्हणून ही वही मांडीवर घेतलीय. भाजी निवली. बांगड्या वाजल्या, थांबल्या. हिच्यासाठी मी कधी थांबलो नव्हतो. भूक लागलीय, खूप दिवसांनी.
पुन्हा वाजल्या, थोड्या जवळ. वर बघत नाही. बघितलं तर ती माघारी जाईल.