पत्रिकेतल्या दोन रिकाम्या ओळी

बाबा,

१. तुमच्या दुकानातला कॉम्प्युटर परवा माळ्यावरून काढला. धूळ पुसली, नवी डिस्क बसवली. सुरू झाला.

२. त्याचा आता घरचा सर्व्हर करते आहे. आईचे फोटो, दादाचे कागद एका जागी राहतील आणि प्रत्येकाला आपल्या फोनवरून उघडता येतील.

३. तुमची जुनी डिस्क कोरी करून त्यालाच जोडायची आहे. त्याआधी आत पाहिलं. एक फाईल सापडली. काम तिथे थांबलं.

आष्टीतलं ते दुकान मला नेहमी दुपारचंच आठवतं. बाहेर बाजार भरलेला आहे, पण आवाज आत येईपर्यंत मऊ होतो. प्रिंटरमधून निघालेला कागद हाताला कोमट लागतो. तुमच्या चष्म्यात पडद्याचा छोटा निळा चौकोन तरंगतो आहे. तुम्ही लग्नपत्रिका कधी नव्याने करत नव्हता. झालेल्या लग्नाची फाईल उघडायची, नावं बदलायची, नव्या नावाने सेव्ह करायची. एकदा एका पत्रिकेत आधीच्या घरचे मामा तसेच राहिले. वरबाप गठ्ठा घेऊन परत आले. ‘‘भाऊ, हे मामा कोनाचे? आहेर आनत असतीन तं राहू द्या!’’ सगळे हसले. मी नाही हसले. म्हटलं, ‘‘बाबा, एक कोरा नमुना ठेवा ना.’’ तुम्ही मान न वळवता म्हणालात, ‘‘कोऱ्यात काय हाय? ज्याईचा संसार चांगला चालून राह्यला, त्याईचीच पत्रिका घेतो मी. गुण लागते.’’

मी शेवटच्या वर्षाला असताना स्थळ आलं. मी नाही म्हटलं, त्याच दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर. शिवाय म्हटलं, माझी पत्रिका करायच्या भानगडीत पडू नका. तुम्ही एवढंच बोललात, ‘‘बरं बाई. आता जेवाले जा.’’ पुढे तो विषय निघाला नाही. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. त्याला नऊ वर्षं झाली.

फाईल माझ्या नावाची आहे. तारीख मी नाही म्हटल्यानंतर आठ दिवसांची. नमुना तुमच्या आणि आईच्या लग्नाचा. तुमच्या लग्नाच्या वेळी कॉम्प्युटर कुठला, तो तुम्ही बसून टाईप केला असणार; खाली विवाहस्थळ म्हणून आईचं माहेर तसंच राहिलं आहे. वर माझं नाव, पुढे तोपर्यंत न मिळालेली पदवी. मग वराच्या नावाच्या जागी दोन रिकाम्या ओळी. मग ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’.

आईला दाखवली. ती म्हणाली, ‘‘जागा सोडली वं त्याईनं. बापच तो.’’ मला वाटतं, तुम्ही ती जागा पुसली होती. एकटं नावही पत्रिकेला पुरतं म्हणून. मी फाईल आतून तपासली. पुसलेली ओळ आणि कधीच न लिहिलेली ओळ, दोन्ही तिथे सारख्याच दिसतात.

काल सर्व्हरवर खाती तयार केली. आईचं, दादाचं, माझं. चौथं तुमच्या नावाने केलं. हे कुणाला सांगितलेलं नाही. त्याला पासवर्ड ठेवला नाही. हे पत्र तिथेच ठेवते आहे.

जागा सोडली होती की पुसली होती, एवढंच लिहा. ही फाईल नव्या डिस्कवर न्यायची की नाही, ते त्यावर ठरेल. रविवारी दुपारी जुनी डिस्क कोरी करणार आहे. शनिवारपर्यंत कळवा.