वरच्या खोलीतला तिरंदाज

रविवार, ९ मार्च, सकाळ

चि. सूनबाई हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. माझं लग्न ठरलंय, तुम्ही दोघं याल का, असं तू सरळ विचारलंस आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं असेल, म्हातारा रागावला. रागावलो नाही. उत्तर लिहायला बसलो की दुसरंच काहीतरी सुचतं. आताही तेच होणार आहे, जरा सोसून घे.

इकडे सगळं ठीक. तुझ्या सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड व्यवस्थित चालतं. शनिवारी मी वाचनालयात निघालो की, "या वयात राक्षसांशी कसल्या गप्पा मारता?" हे ठरलेलं. गळ्यात मफलर मात्र त्याच गुंडाळून देतात.

हो, आपल्या पोराचा शनिवारचा खेळ अजून चालू आहे. बंद केला असं तुला फोनवर म्हणालो, ते खोटं होतं.

तो गेल्यानंतरच्या शनिवारी मी वाचनालयाच्या मागच्या खोलीत गेलो ते त्याची फाशांची पेटी आणायला, आणि आता येऊ नका असं सांगायला. टेबलाभोवती पाच-सहा जण बसलेले. तिथली माणसं दर वेळी वेगळी, तुला माहीत आहे. ज्याला जमेल त्याने यावं, वीर किंवा चेटकीण होऊन गोष्टीत शिरावं, आणि बेत जमला की फसला ते वीस बाजूंच्या फाशाला विचारावं. त्यांच्यापैकी कुणालाच काही ठाऊक नव्हतं. एक शिंपीणबाई म्हणाल्या, "आज गोष्ट तुम्ही सांगणार का?" आणि माझ्या तोंडून "हो" गेलं. जन्मभर विजेची मीटरं वाचलेला माणूस मी, चेटकिणी कुठून आणू? माझे राक्षस फार सभ्य आहेत अशी तक्रार आहे. दार वाजवून आत येतात.

नियम त्याचाच ठेवला. जो खेळाडू आला नाही, त्याचं पात्र गोष्टीतल्या सराईच्या वरच्या मजल्यावर झोपलंय असं समजायचं. खेळाडू आला की पात्र उठतं. माणसं कमी पडली की तो स्वतः एक तिरंदाज खेळायचा, आठवतो ना? त्या पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारलं, "तिरंदाज कुठेय?" मी म्हणालो, "वर झोपलाय."

तो तसाच झोपून राहिला. ज्यांनी आपल्या पोराला पाहिलं होतं ते हळूहळू येईनासे झाले. नव्यांना एवढंच माहीत, की कोपऱ्यातल्या खोलीत एक जण झोपतो आणि त्याला उठवायचं नाही. शिंपीणबाई तर गोष्टीतल्या गोष्टीत त्याच्यावर पांघरूण घालून यायच्या. मला फार बरं वाटायचं. खरं सांगतो, आठवडाभर मी तेवढ्याचीच वाट बघायचो. कुणीतरी विचारावं, आणि मी म्हणावं, झोपलाय.

काल सराईला आग लागली. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्वयंपाकघरातल्या उंदरावर अग्नीचा मंत्र टाकला, आणि फाशावर एक पडला. एक पडला की मंत्र उलटतो. सगळे झोपलेल्यांना बाहेर काढायला धावले. एक बसड्रायव्हर कालच पहिल्यांदा आला होता, अंगाने दांडगा, आवाजाने मऊ. तो म्हणाला, "कोपऱ्यातल्या खोलीत कोण आहे? मी आणतो त्याला."

"जिना पेटलाय," मी म्हणालो.

"असू दे. जाणार."

फासा टाकला. वीस. त्याच्या वर आकडाच नाही. वीस पडल्यावर गोष्ट सांगणाऱ्यालाही नाही म्हणता येत नाही.

"दार तोडलं," तो म्हणाला. "आत काय दिसतंय, काका?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिरंदाज त्याच्या खांद्यावर द्यायचा, एवढंच करायचं होतं. पण बाहेर आणल्यावर तो जागा व्हायला हवा होता ना, बाळ. त्याच्या तोंडून कुणीतरी बोलायला हवं होतं. मला ते जमणार नव्हतं.

"पलंग रिकामा आहे," मी म्हणालो.

"म्हणजे? पळाला?"

"नाही. तो माझ्या मुलाचा तिरंदाज. मुलगा दीड वर्षापूर्वी गेला."

मग मला रडू आवरेना. तो गेला त्या दिवशीही मी असा रडलो नव्हतो, तू पाहिलंस. शिंपीणबाई माझा हात धरून बसल्या. ड्रायव्हर पांढराफटक पडला, सारखा "चुकलं माझं, काका" म्हणत होता. त्याचं काय चुकलं? जळत्या घरात शिरला बिचारा.

घरी येऊन तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या गळ्यातला मफलर सोडवला. मग म्हणाल्या, "तुम्ही त्याला झोपवून ठेवलंत आणि पोरीला दारात ताटकळत. आधी तिला लिहा."

तर लिहितो. तुझं पत्र वाचून मला वाईट वाटलं होतं. तू निवडलेला मुलगा चांगला आहे, तुला जपेल, सगळं कळत होतं. तरी वाटायचं, हिने लग्न केलं की आपला खरंच गेला. तुझ्या माथी मी ते मारत होतो. तो तर कधीच गेलाय, बाळ.

आम्ही दोघंही येऊ. नोंदणीला सहीसाठी साक्षीदार लागतात म्हणे. तुझ्या बाजूने माझं नाव घाल. नातं विचारलं तर वडील लिही.

तुझे,
बाबा