एकमताची थाळी

सर, आज दुपारी आपल्या संघटनेच्या अध्यक्षपदाचा निकाल लागला. तो तुम्हाला सांगायचा तर मागच्या महिन्यातल्या एका रविवारपासून सुरुवात करावी लागेल. त्या सकाळी सचिव आणि खजिनदार माझ्या घरी आले. सचिव म्हणजे तुमचाच विद्यार्थी, माझ्या मागचा, जिंतूरकडचा. शेतावर निघताना कानाला उपरणं बांधायचा तो. आता त्याचेही केस पिकलेत. हातात शाल आणि नारळ होता, म्हणजे माझा होकार त्यांनी दुकानात असतानाच गृहीत धरला होता. बसल्या बसल्या तो म्हणाला, "म्याडम, यंदा तुमीच. कुनीच अर्ज भरणार न्हाई. सगळ्यांशी बोलून आलोय. बिनविरोध."

"सगळ्यांशी?"

"लातूर, नांदेड, पार सोलापूरपस्तोर. एक मानूस न्हाई म्हणला न्हाई."

मी विचार करून सांगते म्हटलं. शाल परत न्या म्हटलं तर म्हणाला, "राहू द्या म्याडम, आज ना उद्या लागणारच हाय." पण मी ती त्याच्या पिशवीत घातली. ते गेल्यावर नवऱ्यानं कप उचलता उचलता विचारलं, "हार घेऊन आलते का दावं?" मला हसू आलं, आणि मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की मधलं काही ठाऊक असण्याचं कारण नाही. ज्वारीवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी तुम्ही चार मित्रांनी परभणीत उभी केलेली ही संघटना आता मोठी झालीय. अधिवेशनं हॉटेलात होतात. एका अधिवेशनात मी सभागृहातून उभी राहिले आणि विचारलं, की जेवण ज्या बियाणं कंपनीचं, तिच्याच वाणाचा शोधनिबंध पहिला का? याच सचिवानं तेव्हा माझा माइक बंद करायला लावला आणि जेवणाची घोषणा केली. मी माइकशिवाय बोलत राहिले. माझा आवाज पूर्णेला भीमजयंतीच्या स्टेजवर घडलेला आहे, बाजूच्या रेल्वे यार्डात इंजिनं शिट्ट्या मारत असताना. त्याला वीज लागत नाही. पण लोक ताटं घ्यायला उठले होते. आता तीच माणसं मला एकमतानं अध्यक्ष करायला निघाली होती. अध्यक्षाला व्यासपीठावर बसवतात, आणि तिथून प्रश्न विचारता येत नाही, फक्त समारोप करता येतो. शिवाय आमच्या समाजातली बाई अध्यक्ष केली की फोटोत बरं दिसतं, पुढं काही वर्षं कुणी काही विचारत नाही. या शंका मी तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? पण खरं म्हणजे मला अडवलं ते तुमच्या चाखणीच्या दिवसानं.

विभागामागचं ते स्वयंपाकघर अजून माझ्या नाकात आहे. चूल धुमसतेय, मावशी भाकरी थापतायत, आणि मी गरम भाकरीचे तुकडे थाळ्यांत मांडतेय. थाळीवर वाणाचं नाव नाही, नुसता आकडा. चाखणारे भिंतीकडं तोंड करून बसलेत. बोलायचं नाही, एकमेकांकडं बघायचं नाही. एक तुकडा झाला की चूळ भरायची, मग दुसरा. पाणी एकाच माठातलं, आणि माठावर एकच ओगराळं. पहिल्या वेळी दोघांनी घरून आपापला तांब्या आणला होता. तो तुम्ही दाराबाहेर ठेवायला लावलात. त्यांनी कारण विचारलं तर म्हणालात, "चव बिघडती." तुमच्या गळ्यात लिंग, माझ्या घरात बाबासाहेबांचा फोटो. ते ओगराळं माझ्या हातात देताना तुम्ही माझ्याकडं पाहिलंही नाही. मला तेव्हाच कळलं होतं की हा माणूस आपला गुरू.

मी म्हणतेय त्या दिवशी सगळ्यांनी एकाच थाळीला सर्वात जास्त गुण दिले. मी आकडा जुळवून पाहिला तर वाण तुमचा, तुम्ही आयुष्य घालवून काढलेला. मी धावतच तुमच्या खोलीत आले.

"सर, तुमचाच पहिला. सगळ्यांचं एकमत."

तुम्ही पेन खाली ठेवलंत. "सगळ्यांचं?"

"हो सर."

"मग थाळ्या उचल. उद्या परत."

मी भांडले. भाकरी खरंच चांगली होती सर, मीही एक तुकडा खाल्ला होता. तुमचा आवाज चढला. "अगं पोरी, घरात नवराबायकोचं मिठावरून जमत न्हाई, अन् एवढ्या जिभा एकसारख्या कशा झाल्या? त्यांनी भाकरी न्हाई खाल्ली, माझं नाव खाल्लंय." तुमच्या वाणाचं पीठ गिरणीतून शेवटी आलं होतं, म्हणजे शेवटची थाळी सरांची, हे सगळ्यांना कळून चुकलं होतं. मी मान खाली घालून थाळ्या उचलल्या. दुसऱ्या दिवशी क्रम बदलून चाखणी झाली आणि तुमचा वाण मध्ये कुठंतरी आला. तुम्ही तेच गुण वर पाठवलेत. तो वाण पुढं कधी शेतकऱ्याच्या हातात गेला नाही.

म्हणून मी सचिवाला फोन केला. म्हटलं, निवडणूक घ्या, चिठ्ठ्या टाका, मला समोर उमेदवार पाहिजे. तो कळवळला. "म्याडम, कशाला? निवडणूक म्हणलं की गट पडतेत."

"पडू द्या."

"पर समोर उभं कोन राहील?"

त्याच्या त्या प्रश्नातही मला डावाचा वास आला. मग उमेदवार मीच शोधला. पाथरीकडं माझीच एक विद्यार्थिनी काम करते, स्वतः कायम नोकरीत असून कंत्राटी संशोधकांसाठी सतत धावणारी, कमी बोलणारी. मी एसटीनं तिच्याकडं गेले. ती खळ्यावर कणसं मोजून घेत होती. मी सांगितलं तरी तिनं हातातलं कणीस खाली ठेवलं नाही.

"म्याडम, तुमी मला डमी म्हणून उभं करायलात का?"

"डमी नाही. खरी लढ."

"खरी लढले तर तुमच्याबद्दल खरं बोलावं लागंल."

"बोल की."

"नंतर बोलनं बंद करताल."

"नाही करणार."

तिचा विश्वास बसला नव्हता. संशय हाही मी तिला शिकवलेला विषय आहे, आणि त्यात ती चांगल्या गुणांनी पास झालेली दिसली. पण तिनं अर्ज भरला.

आज अधिवेशनात आधी मी बोलले. सर, मी चांगली बोलले. जिराईत जमिनीपासून सुरुवात केली, ज्वारीला गरिबाचं अन्न म्हणून हिणवणाऱ्यांना आणि आता तीच पाकिटात घालून विकणाऱ्यांना एकाच दोरीत बांधलं, आणि शेवटी म्हटलं की ज्या संघटनेत कंत्राटी संशोधकाला मत नाही, तिनं विज्ञानाचं नाव घेऊ नये. टाळ्या बराच वेळ चालल्या. मग ती उभी राहिली. एका सुरात, कागदात बघत म्हणाली, "म्याडम म्हणल्या ते खरं हाय. मी विद्यार्थिनी होते तवापासून दर अधिवेशनात मी हे ऐकत आले, अन् दरवेळी टाळ्या वाजवल्या. पण त्यांना मत द्यायचं तर संघटनेच्या घटनेतलं कलम बदलावं लागतं. तो ठराव आजपर्यंत कुनी लिहिला न्हाई. मी लिहून आणलाय." तिनं तो वाचून दाखवला. टाळ्या वाजल्या नाहीत. लोक ऐकत होते.

चिठ्ठ्या बियाणं ठेवायच्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. ती निवडून आली, आणि निसटत्या मतांनी नाही.

सचिवानं पिशवीतून शाल काढली, तीच, आणि तिच्या खांद्यावर घातली. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "म्याडम, आमी त्या दिवशी खरंच मनापासून आलतो." तो बंद केलेला माइक त्याला खुपत असेल का? म्हातारपणी माणसाला आपल्या गुरुबहिणीला मान द्यावासा वाटत नसेल का? की मी लढत मागणार आणि पडणार, हेही त्यांनी आधीच धरलं होतं? मला काही ठरवता आलं नाही. सगळा जन्म आकड्यांच्या थाळ्या चाखल्यामुळं, नाव लिहून समोर आलेलं काही मला आता खाताच येत नाही.

निघताना पोरगी आली. "म्याडम, राग आला का?"

"आला."

"ठरावाला मत देताल ना पर?"

"देईन."

घरी येऊन हे लिहायला बसले. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहिते. गावभर मी सांगत फिरले की मला लढत पाहिजे, तत्त्वासाठी पाहिजे. पण आपण हरू असं मला एकदाही वाटलं नव्हतं. समोरचा उमेदवार निवडायला गेले तेव्हा मी न बोलणारी निवडली, हेही आता दिसतंय. आणि मग तुमची दुसऱ्या दिवशीची चाखणी आठवली. सगळे गेले होते. मी हात धुवायला आले, तर तुम्ही स्वयंपाकघरात एकटेच पाटावर बसलेले, आपल्या वाणाची उरलेली भाकरी मिरचीच्या ठेच्याशी खाताय. मी दारातून विचारलं, कशी आहे सर? तुम्ही बराच वेळ चावत राहिलात. मग म्हणालात, "मला तर चांगली लागती."

मलाही माझं भाषणच चांगलं वाटलं, सर.