मुद्रणाचा एकच नमुना

प्रति,
मा. अपर तहसीलदार साहेब,
अपर तहसील कार्यालय, देवळखांड, जि. बीड.

अर्जदार : शिवलिंगप्पा मन्मथप्पा तोडकर, वय ६३, धंदा अर्जनवीस, रा. देवळखांड.

विषय : अर्जनवीस परवान्याचे नूतनीकरण होणेबाबत व सोबतचा नमुना ग्राह्य धरणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाच्या फलकावरील दि. १ जानेवारी २००४ ची सूचना.

महोदय,

हा अर्ज हाताने लिहिलेला आहे. तो तसा का, हे पुढे येईल. परत करण्यापूर्वी शेवटपर्यंत वाचावा, ही पहिली विनंती.

१. आपल्या फाटकासमोरील लिंबाखाली बसून मी एकतीस वर्षे लोकांचे अर्ज लिहितो. वारसाची नोंद, रेशनकार्डातून वगळलेले नाव, बांधाची भांडणे, चोरीला गेलेली म्हैस, सगळे लिहिले. दुसऱ्याचे गाऱ्हाणे लिहिताना हात कधी अडला नाही. स्वतःसाठी अर्ज लिहिण्याची ही पहिलीच वेळ आहे, त्यामुळे मजकूर पुढेमागे झाल्यास माफी असावी.

२. सूचनेप्रमाणे १ एप्रिलपासून हस्तलिखित अर्ज घेतले जाणार नाहीत. परवाना हवा असलेल्या अर्जनवीसाने "स्वतःच्या यंत्रावर केलेल्या संगणकीय मुद्रणाचा ए-४ आकाराचा एक नमुना" ३१ मार्चच्या आत जोडायचा आहे. आज २९ तारीख आहे.

३. यंत्र माझ्याकडे आहे. मुलगा संगमेश पुण्यात नोकरीस असून त्याने मागच्या श्रावणात त्याचा जुना संगणक आणि नवा शाईचा प्रिंटर आणून घरात बसवला. खंडेनवमीला माझ्या पत्नीने, म्हणजे शिवकांताने, माझ्या दौतीशेजारी प्रिंटरचीही पूजा केली. दोघांनाही विभूती लावली. "तुमचं अक्षर आता थकायलंय, ह्यालाच जपा," असे ती म्हणाली. मी जपले.

४. त्या प्रिंटरची खोड अशी की, वीज येऊन तो सुरू झाला की आधी गुळण्या करतो. तोंड साफ करण्यासाठी स्वतःचीच शाई पितो. आपल्याकडे भारनियमनात वीज दिवसातून चार वेळा जाते आणि चार वेळा येते. कागदावर अक्षर न उमटताच शाईची डबी उतरत जाते. पाच महिन्यांत अर्जांची एकेचाळीसच पाने निघाली. शाईची चौकशी करायला मी जीपने केजला गेलो. तिथला दुकानदार रवी म्हणाला, "आप्पा, प्रिंटर स्वस्तच हाय हो, शाई लई महाग. कंपनी शाईवरच जगती." काळी आणि रंगीत अशा दोन डब्या घ्यायच्या तर जवळजवळ नवा प्रिंटर येतो. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. ही म्हण मी तेव्हा घरी येऊन शिवकांताला ऐकवली होती, ती हसली होती.

५. मार्गशीर्षात शिवकांता वारली. घरात तिचा एकटीचा फोटो नव्हता. संगमेशच्या लग्नातल्या फोटोत ती मागच्या रांगेत चौथी उभी आहे. त्याने तेवढाच चेहरा कापून मोठा केला आणि आमच्याच प्रिंटरवर काढला. पहिल्या कागदावर चेहरा निळा आला. दुसऱ्यावर आडव्या पांढऱ्या रेघा आल्या. तिसऱ्या वेळी शिवकांता आली. त्याच पानाबरोबर रंगीत शाई संपली. संगमेश ते पान भिंतीवर लावून पाचव्या दिवशी पुण्याला गेला. तेव्हापासून मला कशाचे फारसे काही वाटत नाही, हे नमूद करतो. अर्जात याची गरज नाही, पण खरे आहे.

६. त्यानंतर काळी शाई शिल्लक असूनही यंत्र काळे अक्षर छापीना. रंगीत डबी रिकामी असेल तर ते कोणतेच काम करत नाही. काळ्या अक्षराला पिवळा रंग कशाला लागतो, हे मी रवीला विचारले, संगमेशला फोनवर विचारले. कोणालाच माहीत नाही. बीडला गेलो तर त्या जातीची डबी येणे बंद झाले असून नवा प्रिंटर घ्यावा, असे सांगण्यात आले. मी जन्मभर गोळ्या विरघळवून शाई केलेला माणूस. शाई ती शाई, असे समजून दवाखान्यातून सुई आणली आणि रिकाम्या डबीत दौतीतली शाई भरली. लाल दिवा लागला, तो अजून लागतो. ही चूक सर्वस्वी माझी आहे.

७. आधीची एकेचाळीस पाने लोकांच्या अर्जांची असून ती आपल्याच दप्तरात आहेत. त्यांपैकी एकाची नक्कल मागितली असता, नकलेला महिना लागतो आणि महिन्यानंतर नकलेचा अर्जही छापील लागेल, असे कळले. केजला दुसऱ्याच्या प्रिंटरवर एक पान छापून ते माझे म्हणून जोडता आले असते. दोघा अर्जनवीसांनी तसे केलेही आहे. परंतु "वरील मजकूर खरा आहे" असे लिहून मी एकतीस वर्षे लोकांचे अंगठे घेतले, त्यामुळे ते जमले नाही.

८. परवाना गेल्यास उपाशी मरेन असे नाही. संगमेश पैसे पाठवतो. पण मग दिवसभर घरी बसावे लागेल. घरी आता कोणी बोलत नाही. लिंबाखाली माणसे येऊन बोलतात, आणि ते लिहून घ्यायचे असल्यामुळे मला ऐकावे लागते. तेवढ्याने दिवस जातो. मागच्या आठवड्यात मेंढरे राखणारी बायनाबाई आली होती. तिला वाचता येत नाही. तरी म्हणाली, "आप्पा, तुमी हातानंच लिवा. तुमचं अक्षर मला वळखू येतंय."

९. सबब, संदर्भीय सूचना मी पुन्हापुन्हा वाचली. त्यात नमुना स्वतःच्या यंत्रावरचा असावा, मुद्रण संगणकीय असावे आणि आकार ए-४ असावा, एवढेच म्हटले आहे. त्यावर अक्षरे असावीत असे कुठेही म्हटलेले नाही. या तिन्ही अटी पूर्ण करणारे एकच पान माझ्याकडे आहे. ते भिंतीवरून काढून सोबत जोडले आहे. ते नमुना म्हणून ग्राह्य धरावे व परवाना द्यावा.

१०. पान उन्हाच्या खिडकीजवळ ठेवू नये, ही शाई उन्हाने उडते. पाणीही लागू देऊ नये. त्यास टाचणी लावू नये. गोल शिक्का मारणे आवश्यकच असल्यास कृपया मागील बाजूस मारावा.

लिंबाखालून, आपला नम्र,
(सही) शिवलिंगप्पा म. तोडकर
देवळखांड, दि. २९ मार्च २००४

सोबत :
१) जुना परवाना, मूळ प्रत. परत न मिळाल्यास तक्रार नाही.
२) मुद्रणाचा नमुना, एक पान. परत हवा.