चुकलेल्या गोळ्यांची वही

सोमवार, ता. ३

सुखरूप पोहोचलो. खोली अपेक्षेपेक्षा चांगली निघाली. पूर्वेला खिडकी आहे, कपाटाला किल्ली आहे आणि टेबल डुगडुगत नाही. ताईला फोन करून सगळे सांगितले. मागून दाजींचा आवाज आला, की दोनदा नापास झालेल्याला संग्रहालयात ठेवून घेतलंय म्हणजे जुन्या वस्तूंत मांडणार असतील. ताई हसली. मीही हसलो, पण थोडाच.

संग्रहालय म्हणजे घरामागची एक लांब खोली. मालकांना सगळे काका म्हणतात. मागच्या माळावर दीडशे वर्षांपूर्वी मोठी लढाई झाली. तिथे सापडणाऱ्या बंदुकीच्या गोळ्या काका गोळा करतात. त्या ट्रेमध्ये लावायच्या, चिठ्ठ्या लिहायच्या आणि जुनी फाटकी वही नव्या वहीत उतरवायची, एवढेच माझे काम. काकांनी एकच प्रश्न विचारला, शिक्षण किती? मी खरे ते सांगितले. त्यांचा चेहरा असा खुलला की मलाच लाजल्यासारखे झाले. म्हणाले, झकास, मला अस्साच माणूस हवा होता.

बुधवार, ता. ५

गोळ्या तीन प्रकारच्या असतात. शिपायाच्या हातून न उडवताच गळाली ती पडलेली. कशावर तरी आदळून चपटी झाली ती लागलेली. आणि बंदुकीतून सुटली, पण कोणालाच न लागता मातीत रुतली, टोक शाबूत, ती चुकलेली. काका फक्त चुकलेल्या ठेवतात. बाकीच्या येईल त्याला देऊन टाकतात. मला हे उलटे वाटले, पण विचारले नाही.

माळावर धातू शोधायचे यंत्र घेऊन फिरतो त्याला डुलक्या म्हणतात. पन्नाशीचा आहे. कामावर आला की आधी संग्रहालयाच्या मागच्या भिंतीला बाहेरून पाठ टेकून तासभर झोपतो, म्हणून हे नाव. मला म्हणाला, भाऊसाहेब, हात धुतल्याशिवाय बोट तोंडात घालू नका, शिसं पोटात गेलं की अक्कल जाते. माझी गेली, तुमची असेल तर जपा.

शनिवार, ता. ८

जुनी वही पाहून डोके दुखले. गोळीचा क्रमांक, वजन, लांबी, जागा आणि शेवटी ‘कोणाच्या नावे’ असा रकाना. त्या रकान्यात घरातल्या माणसांचीच नावे आहेत. काकांच्या नावे तेवीस, डुलक्याच्या नावे एकोणीस. शेवटच्या सात माझ्या नावे! आधीचा कारकून मुलाकडे राहायला गेला, त्याने जाण्यापूर्वी माझे नाव ऐकून लिहून ठेवले असणार.

आणि शुद्धलेखन? एकही नाव धड नाही. वेलांट्या उलट्या, उकार भलतीकडे, डुलक्याच्या खऱ्या नावातले जोडाक्षर तर एकोणीस वेळा एकोणीस प्रकारे मोडलेले. माझ्याही नावातला पहिला उकार दुसरा केला होता. मी गणितात कच्चा असेन, पण माझ्या हातून असे कधी झाले नसते.

मंगळवार, ता. ११

नवी वही पूर्ण झाली. सगळी नावे शुद्ध केली. सांगितल्याप्रमाणे जुनी वही जाळून टाकली. काकांना दाखवायची फार इच्छा होती, पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, पट्ट्या आहेत. म्हणाले, बघायचंय काय त्यात, तू लिहिलंस ना, मग माझी खात्री आहे.

बुधवार, ता. १२

नियम असा की सगळ्या गोळ्यांची टोके खिडकीकडे. काल संध्याकाळी तशीच होती. आज सकाळी माझ्या नावच्या सातही गोळ्या वळलेल्या. टोके माझ्या खुर्चीकडे. डुलक्याच्या एकोणीस मागच्या भिंतीकडे.

हा डुलक्याचाच चावटपणा. नव्या माणसाची फिरकी घेतो आहे.

शुक्रवार, ता. १४

जेवायला जाताना खुर्ची दुसऱ्या कोपऱ्यात नेली. दाराला कुलूप, किल्ली माझ्या खिशात. परत आलो तर सातही गोळ्या त्या कोपऱ्याकडे.

डुलक्याला जाब विचारला. तो आधी हसला, मग चिडला. म्हणाला, शिसं तुम्हाला लवकरच चढलं की. आणि मला कामावरून काढायचा डाव असेल तर सरळ सांगा, असे पोरखेळ नकोत. त्याचा राग खरा वाटला. पण नाटकीही असेल. दुसरी किल्ली कोणाकडे आहे ते कोणी सांगत नाही.

रविवार, ता. १६

सातांपैकी एक गोळी ट्रेच्या लाकडी कडेत घुसली आहे. सहा मिलिमीटर. खाली भुसा पडलेला. तासाभराने पुन्हा मोजले, सात.

खोलीत मी एकटाच होतो. समोर बसून होतो. गोळी हलताना दिसली नाही.

डुलक्याच्या ट्रेमागे पाहायला हवे होते. भीतीने पाहिले नाही.

सोमवार, ता. १७

डुलक्या गेला.

सकाळी नेहमीसारखा भिंतीला टेकून बसला होता. दहा वाजले तरी उठेना. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. सदऱ्याला पाठीवर भोक होते. लोक म्हणाले, त्याच्या कुठल्या सदऱ्याला नव्हते? कोणी सदरा वर करून पाहिले नाही. मी पाहिले.

त्याच्या ट्रेमध्ये आता अठरा गोळ्या आहेत. ट्रेच्या कडेला आरपार भोक. त्यामागे भिंतीलाही. बरोबर बसलेल्या माणसाच्या पाठीच्या उंचीवर.

मंगळवार, ता. १८

काकांना सांगितले. त्यांनी डुलक्याबद्दल काही विचारले नाही. विचारले ते एवढेच, की तू नावं कशी लिहिलीस?

मी सांगितले, शुद्ध.

त्यांनी डोळ्यांवरची पट्टी चाचपली. मग बोलले. चुकलेल्या गोळीला कोणाला तरी लागायचं असतंच. नाव दिलं नाही तर जवळ असेल त्याला. नाव बरोबर दिलं तर त्यालाच. नाव चुकलं तर ती त्या माणसाला शोधत जागच्या जागी पडून राहते. मग म्हणाले, पण चूक नकळत झालेली असावी लागते रे, मुद्दाम केलेली चालत नाही; मला शुद्ध येतं म्हणूनच तर मी लिहीत नाही. तुला अडाणी समजून ठेवला होता.

मग त्यांनी विचारले, माझ्या तेवीस गोळ्या कुठे वळल्यात? मी म्हणालो, तुमच्या खोलीकडे.

माझे नाव चुकीचे लिहून पाहिले. दहा प्रकारे. गोळी थांबली नाही. आता तासाला चार मिलिमीटर.

बुधवार, ता. १९

सकाळी काकांच्या एका डोळ्याची पट्टी निघाली. फार मायेने वागले. पाठीवर हात ठेवला, म्हणाले, आपण दोघं यातून सुटू. वही मागितली. बाळा, तुझं नाव नीट सांग, कुठला उकार, कुठली वेलांटी, म्हणजे ते टाळून लिहितो.

मी सवयीने सांगितले. एकेक अक्षर. बरोबर.

मुद्दाम केलेली चालत नाही, हे त्यांनीच सांगितले होते. ते मला नंतर आठवले. वही उघडून माझ्यासमोर धरली आणि मग काखेत मारून ते बाहेर गेले तेव्हा.

त्यांच्या तेवीस ओळींत त्यांचे नाव खोडले आहे. तिथे माझे आहे. अक्षर सुंदर. एकही चूक नाही.

बाहेरून कडी लावली आहे. खिडकीला गज. फोन माझ्या खोलीत.

तीस गोळ्या.

बुधवार, दुपार

खुर्ची मधोमध ठेवली. उपयोग नाही. उभा राहिलो, त्या वळल्या. आता वळताना दिसतात.

मिनिटाला चार. मघाशी दोन होते. मोजणे थांबवायला हवे— थांबवत नाही. 

काका दाराबाहेर आहेत. माझ्याच फोनवर बोलत आहेत, ताईशी. आवाज रडवेला केला आहे. पोराला बरं नाही, तुम्ही लगेच या.

ती येणार.

डुलक्या गेला, त्याच्या अठरा बिननावाच्या झाल्या आहेत. तो ट्रे दाराला लागून, मी मधोमध; टोके दाराकडे. काकांकडे. म्हणून घाई.

आता दाराच्या फटीला तोंड लावून विचारत आहेत. तुझ्या बहिणीचं नाव कसं लिहितात रे? ऱ्हस्व की दीर्घ? सांग, म्हणजे तुला लगेच सोडतो.

मी सांगितले नाही. पुन्हा विचारले. सांगितले नाही. मग म्हणाले, राहू दे, ती आली की तिलाच विचारतो.

ट्रेची कड फुटली— पाच, सहा— सगळ्याच बाहेर. हवेत. सावकाश. टोके दिसतात, मागचा भाग दिसत नाही.

हे पान फाडून गजातून बाहेर टाकतो. ताई, आत येऊ नकोस. तो म्हातारा प्रेमाने बोलेल, पाणी देईल, वही पुढे करेल. त्याला तुझे नाव नीट सां